सकाळी सूदभाभी, संध्याकाळी समीर

लोखंडेबाईंना कुणी काही दिलं आणि त्यांनी ते घेतलं नाही, असं कधी व्हायचं नाही. दिल्लीत मयूर विहारच्या मेट्रो स्टेशनाखाली कोचिंग क्लासची, दातांच्या दवाखान्याची, पडदे धुऊन देणाऱ्यांची पत्रकं वाटणारी मुलं उभी असत. आम्ही सगळे हात खिशात घालून पुढे निघायचो. बाई मात्र थांबून प्रत्येकाकडून एकेक पत्रक घेत आणि चालता चालता वाचत. घरी पोचेपर्यंत त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका त्यांना पाठ झालेल्या असत. सोसायटीच्या गेटवरचा गार्ड स्वतःच्या थर्मासातला चहा पुढे करी. तो चहा त्यांना अजिबात आवडत नसे. तरी तो पिऊन झाल्यावर “वा, अद्रक बढिया है” म्हणायला त्या चुकत नसत.

मी त्यांना एकदा विचारलं होतं, “बाई, नको म्हटलं तर काय होतं?”

“अगं, पुढे केलेला हात तसाच मागे घ्यायला लावायचा म्हणजे काय सोपं आहे?” त्या म्हणाल्या. “मी वर्गात डबा खायला बसायचे ना, तेव्हा प्रत्येक पोरगं एकेक घास आणायचं. एखाद्याचा घास नाही घेतला की ते घरी जाऊन आईला सांगणार, बाईंनी नाही खाल्लं. मग त्या आईचा सगळा दिवस वाईट जाणार.”

त्यांची शाळा पहाडगंजातली, मराठी माध्यमाची. स्टेशनाजवळच्या हॉटेलांत काम करणाऱ्यांची मुलं, सरकारी नोकरांची मुलं, बदली होऊन आलेल्यांची मुलं, अशी सगळी एका बाकावर. बाईंनी तिथं उभी हयात मराठी शिकवलं. नवरा लवकर गेला. मृणाल ही एकच मुलगी, ती गुरुग्रामला एका कंपनीत. तिचं मराठी दिल्लीचं. ‘फडताळ’ म्हटलं की तिला अर्थ विचारावा लागे. बाई म्हणत, “कपाट म्हण हवं तर, पण अलमारी म्हणू नकोस. आणि ‘यार’ हे अव्यय नाही, ते वाक्याच्या शेवटी लागत नाही.” मृणाल म्हणे, “बिल्कुल नाही लावणार यार.” आणि मग दोघी हसत.

मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहत होते. मंत्रालयात नोकरी. घरात नवरा आणि मी, दोघांच्या पोस्टिंगा वेगवेगळ्या शहरांत, त्यामुळे बहुतेक वेळ मी एकटीच. रविवारी सकाळी बाईंकडे जिना चढून गेलं की बाहेर चपलांचा ढीग दिसे. परभणी, लातूर, सांगली, वर्धा अशा ठिकाणांहून केंद्रीय सेवांच्या परीक्षेसाठी आलेली मुलं राजेंद्र नगराहून मेट्रोनं येत. त्या परीक्षेत मराठीचा एक सक्तीचा पेपर असतो. इंग्रजीत मोठे मोठे ग्रंथ वाचणारी मुलं त्या पेपरच्या भीतीनं गारठलेली असत. बाई त्यांचे निबंध तपासून देत, तेही शिसपेन्सिलीनं. “लाल शाई बघितली की पोराचा जीव जातो. पेन्सिल बघून वाटतं, अजून काही बिघडलेलं नाही, खोडता येईल.”

या मुलांतला समीर शेख त्यांचा विशेष लाडका. जिंतूरकडचा, बुजरा, आणि निबंधात प्रत्येक वाक्य ‘वास्तविक पाहता’नं सुरू करणारा.

मग त्यांच्या छातीत गाठ सापडली.

ऑपरेशन झालं. पुढे केमो ठरली. बातमी पसरायला वेळ लागला नाही आणि बाईंच्या घरी माणसांची रीघ लागली. कुणी रिकाम्या हातानं येत नव्हतं. फळं आली, अंगारे आले, आणि मग बाटल्या, डबे, पुड्या यायला लागल्या. शेजारच्या ब्लॉकमधल्या सूदभाभी रोज सकाळी गव्हांकुर आणि गुळवेलीचा हिरवागार रस स्वतः काढून, काचेच्या बाटलीत घालून आणत. “मैडम, गिलोय तो अमृत है अमृत.” पहाडगंजातली एक जुनी विद्यार्थिनी आता आरोग्याची उत्पादनं विकत होती. तिनं हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल आणल्या, वर ‘इम्युनिटी’ लिहिलेल्या. नागपूरहून मावसभाऊ प्रभाकर यांनी कुठल्याशा वैद्याच्या पुड्या पाठवल्या. त्यांच्यावर नाव नव्हतं, काही नव्हतं, नुसता तपकिरी कागद. आणि समीरच्या अम्मीनं परभणीच्या बाजारात स्वतः घाण्यावर उभं राहून कलौंजीच्या बियांचं तेल काढून घेतलं आणि गावाहून येणाऱ्या एका मुलाबरोबर दिल्लीला धाडलं.

बाईंनी हे सगळं घेतलं. नुसतं ठेवून दिलं नाही, नेमानं घेतलं. त्यांची त्यात एक पद्धत होती. त्या औषधाला औषधाचं नाव देतच नसत, देणाऱ्याचं नाव देत.

“थांब हं, माझी सूदभाभी राहिलीय सकाळची,” म्हणून हिरवा पेला तोंडाला लावत. जेवण झालं की प्रभाकर. चार वाजता विजया, म्हणजे ती कॅप्सूलवाली. आणि संध्याकाळी दिवा लावला की समीर, चमचाभर.

“मला प्रत्येकाची आठवण होते गं घेताना,” त्या म्हणत. “माणसं आहेत माझी फडताळात.”

त्यावर मी हसायचे, पण शंका जात नव्हती. एक दिवस विचारलंच, “डॉक्टरांना विचारलंत ना हे सगळं?”

“हो गं, विचारलंय.”

“काय म्हणाले?”

“झाडपाल्याचं काय म्हणणार? कोथिंबीर खाल्ली तर सांगते का मी त्यांना जाऊन?”

आधीचं वाक्य आणि नंतरचं वाक्य एकमेकांशी जुळत नव्हतं. पण बाई माझ्याशी कधी खोटं बोलल्या नव्हत्या, त्यामुळे माझ्या मनात तसं आलंही नाही.

काही केमो पार पडल्या. केस गेले. बाईंनी मृणालनं विणकाम शिकताना केलेली एक वेडीवाकडी लोकरी टोपी घालायला सुरुवात केली. मग दिवाळीनंतर, दिल्लीची हवा करडी झाली होती त्या दिवसांत, त्यांची अन्नावरची वासना उडाली. केमोत असं होतंच, असं सगळे म्हणाले. अंगाला खाज सुटली. हवा कोरडी आहे, असं सगळे म्हणाले. एका सकाळी मी वर गेले, तर त्या खिडकीशी पेपर वाचत होत्या. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि मला त्यांच्या डोळ्यांतला पांढरा भाग हळदीसारखा दिसला.

मी मृणालला फोन केला. ती ऑफिसातून निघून तशीच आली.

रक्ताचा रिपोर्ट घेऊन आम्ही तिघी डॉक्टरांसमोर बसलो. मोठे डॉक्टर शांत गृहस्थ होते, कागद वाचताना त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसत नसे. त्यांच्या बाजूला डॉक्टर इशिता म्हणून एक तरुण मुलगी उभी होती. दर वेळी केमोआधी बाईंना तपासायचं काम तिचं.

“लिवर के टेस्ट बहुत बढ़े हुए हैं,” डॉक्टर म्हणाले. “ऐसे में कीमो नहीं दे सकते. रोकनी पड़ेगी.”

“कब तक?” मृणालनं विचारलं.

“जब तक लिवर संभल न जाए.” मग ते बाईंकडे वळले. “माताजी, हमारी दवा के अलावा कुछ ले रही हैं? आयुर्वेदिक, देसी, कोई जूस, कोई काढ़ा?”

“नहीं जी,” बाई म्हणाल्या आणि पदर सारखा करू लागल्या.

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. मृणालला तर माहीतच नव्हतं. ती शनिवारी-रविवारी यायची, तेव्हा फडताळाचं दार बंद असायचं.

डॉक्टर इशिताकडे वळले. “तुमने हिस्ट्री ठीक से ली थी? हर बार पूछा था?”

“सर, पूछा था.”

“लिखा कहाँ है?”

ती पानं चाळू लागली. आणि मृणालचा इतके दिवस धरलेला धीर तिथं सुटला. “डोस गलत दिया होगा इन्होंने! मेरी माँ ठीक थी यार, चलकर आती थी! आप लोग देखते भी हैं कुछ? दो मिनट में पेशंट निपटा देते हैं!”

इशिताचे डोळे भरले होते, आणि ते कुणाला दिसू नयेत म्हणून ती फाइलीत खाली खाली बघत होती.

बाई खुर्चीतून उठल्या. त्यांना उठायला त्रास होत होता. टेबलाला धरून त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “उस बच्ची को मत डाँटिए. उसने हर बार पूछा था. मैंने हर बार झूठ बोला.”

इशितानं फाइलीतून मान वर केली.

“आई?” मृणाल म्हणाली.

“घेत होते मी,” बाई म्हणाल्या. “चार प्रकारचं. रोज.”

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ते सगळं घेऊन बोलावलं. मृणालनं फडताळ रिकामं केलं आणि भाजीची मोठी पिशवी भरून नेली. डॉक्टरांनी एकेक वस्तू टेबलावर मांडली. मला वाटलं होतं, आता हे चिडणार. ते चिडले नाहीत. प्रत्येक गोष्ट हातात घेऊन, वास घेऊन विचारत होते, किती, कधीपासून, कशाबरोबर.

“ये किसने दिया?”

“एक सहेली ने,” बाई म्हणाल्या. नाव सांगायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. पण सवय कशी जाणार? “सुबह सूदभा...” म्हणून जीभ चावली.

तपकिरी पुडी उघडून डॉक्टरांनी विचारलं, “और ये?”

“ये प्रभाकर है.”

डॉक्टरांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. “प्रभाकर में क्या है?”

एरवी आम्ही पोट धरून हसलो असतो. इशितासुद्धा ओठ दाबून उभी होती. पण बाई मात्र त्या भुकटीकडे बघत राहिल्या. “पता नहीं,” त्या म्हणाल्या. इतके दिवस रोज पोटात घातलेल्या गोष्टीबद्दल हे दोन शब्द उच्चारताना त्यांचा चेहरा उतरला.

डॉक्टरांनी मग सावकाश सांगितलं. हळद भाजीत घाला, आमटीत घाला, काही बिघडत नाही. अर्क काढून कॅप्सूलमध्ये कोंबलेली हळद ही वेगळी गोष्ट आहे. गुळवेलीनं यकृताला इजा झालेली माणसं त्यांनी पाहिली होती. पुडीत काय आहे हे कुणीच सांगू शकत नव्हतं. काही गोष्टी केमोचा जोर कमी करतात, काही नको इतका वाढवतात. आणि या चारांतल्या कशानं हे झालं, की दोन गोष्टी एकत्र आल्यानं झालं, की केमोनंच झालं, ते आता कळणं अवघड होतं. “मैं देसी दवा का दुश्मन नहीं हूँ,” ते म्हणाले. “पर मुझे पता तो हो. अँधेरे में इलाज नहीं होता.”

पुढचे आठवडे वाईट गेले. मृणाल सामान घेऊन आईकडेच राहायला आली. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर मांडला, हवा शुद्ध करायचं यंत्र दिवसभर घुंघुं करत असे. रोज सकाळी ती आईला खिडकीशी उभी करी, बोटानं खालची पापणी ओढून पाही. “काल जरा जास्त वाटत होतं ना, मेधाताई? तुम्ही बघा.” मी बघायचे. मला कधी कमी वाटे, कधी तितकंच. एकदा ती जिन्यात मला म्हणाली, “इकडे लिव्हरसाठी थांबलोय, आणि तिकडे आत ते वाढत असेल तर?” मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिनं झटकला नाही, पण तिला त्याचा उपयोगही झाला नसावा.

आणि बाईंनी देणाऱ्यांपैकी कुणालाच काही सांगितलं नव्हतं. सूदभाभी रोज सकाळी येत, बाटली ठेवत, गप्पा मारत. त्या गेल्या की बाई रस मोरीत ओतत आणि बाटली विसळून परत द्यायला ठेवत.

“आई, नाही सांग ना त्यांना,” मृणाल चिडून म्हणे.

“सांगते. एवढी पहाटे उठून पानं तोडते गं ती. सांगते.”

एकदा त्या सांगायच्या ठाम निश्चयानं सूदभाभींच्या घरी गेल्या. तासाभरानं परतल्या. हातात आवळ्याच्या रसाची नवी बाटली होती.

हे असंच चाललं असतं. पण एका सकाळी सूदभाभी बाईंच्या बैठकीच्या खोलीत बसल्या असताना त्यांच्या बहिणीचा फोन आला. बहीण दिल्लीतच रोहिणी भागात राहायची, तिचीही केमो चालू होती, हे आम्हाला तेव्हाच कळलं. सूदभाभी मोठ्यानं बोलत होत्या. “अरे, डॉक्टर से क्या पूछना! ये लोग तो मना ही करेंगे. हमारी मराठी मैडम को देख, रोज पीती हैं, कितना फायदा हुआ. कल मैं खुद लेकर आती हूँ.”

मी चहा गाळत होते. बाईंच्या हातातली पेन्सिल थांबलेली मला दिसली.

“भाभी, फोन मत रखिए,” त्या म्हणाल्या. “मुझे दीजिए.”

सूदभाभींनी कौतुकानं फोन दिला. त्यांना वाटलं, आता मैडम दुजोरा देणार.

“बहनजी, मैं वही मैडम बोल रही हूँ,” बाईंचा आवाज वर्गातला होता, पण जरा कापरा. “मैं ये रस पीती थी. और भी चीजें खाती थी. मेरा लिवर बिगड़ गया, कीमो रुकी हुई है. रस से ही हुआ, ये मैं नहीं कहती, डॉक्टर भी नहीं कह पाए. पर मैंने उनसे छिपाया था. आप मत छिपाना. पूछे बिना एक घूँट मत लेना. आपको मेरी कसम.”

फोन परत देताना त्यांनी सूदभाभींकडे पाहिलं. सूदभाभींच्या चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं, तिथंच अडकलं होतं.

“मैंने आपको जहर पिलाया?” त्या म्हणाल्या.

“नहीं भाभी. आपने प्यार से दिया. झूठ मैं बोली. डॉक्टर से भी, आपसे भी.”

“इतने दिन... मैं रोज आती रही... आपने मुझे एक बार बताया नहीं?” सूदभाभींनी ओढणी सावरली, टेबलावरची भरलेली बाटली उचलली आणि त्या निघून गेल्या. दार त्यांनी हळूच ओढून घेतलं. आपटलं असतं तर बाईंना बरं वाटलं असतं.

“बघ,” बाई मला म्हणाल्या, “गेली.” आणि रडायला लागल्या. आजाराचं नाव कळलं तेव्हाही त्या माझ्यासमोर रडल्या नव्हत्या.

मग डोळे पुसून म्हणाल्या, “आता विजयाला, प्रभाकरला फोन लाव. आणि समीरला बोलाव. त्याला फोनवर नको.”

समीर आला, सगळं ऐकलं, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. “माझ्यामुळे झालं, बाई?”

“कुणाला माहीत नाही. तुझ्यामुळेच झालं असं नाही, आणि तुझ्यामुळे नाहीच असंही मला सांगता येत नाही. मी आता खोटं बोलायचं सोडलंय.”

तो मान खाली घालून बसला. “अम्मीला नका सांगू. ती जेवायची नाही.”

“सांगायला हवं, बाळा. तुमच्या गल्लीत आणखी कुणाला ती तेल देईल.” त्यांनीच फोन लावला. अम्मी पलीकडून बराच वेळ ‘या अल्ला’ एवढंच म्हणत होती. मग तिनं विचारलं, “मग बाई, मी तुम्हाला काय पाठवू? काहीतरी सांगा.”

बाई म्हणाल्या, “ज्वारीचं पीठ पाठवा. इथं दिल्लीत धड मिळत नाही हो.”

यकृताचे आकडे हळूहळू उतरले. एका सकाळी मृणालनं पापणी ओढली आणि काही न बोलता आईच्या गळ्यात पडली, तेव्हा मला कळलं. केमो पुन्हा सुरू झाली आणि थंडी सरता सरता संपली. दर वेळी आत गेल्या गेल्या बाई इशिताला आपणहून सांगत, “बेटा, लिखो. आज सुबह भाकरी, दही, और तुम्हारी गोलियाँ. और कुछ नहीं.” ती ते खरोखर लिहून घेई.

सूदभाभी मात्र आल्या नाहीत. सोसायटीच्या बागेत समोरासमोर झाल्या तर वळून जात. लिफ्टमध्ये सापडल्या तर मजल्यांच्या आकड्यांकडे बघत उभ्या राहत. बाईंनी दोनदा त्यांच्या दाराशी जाऊन बेल वाजवली. आतून टीव्हीचा आवाज येत होता, दार उघडलं नाही. केमोचा त्रास त्या सोसत, पण हे त्यांना सोसवत नसे. “मी आधी बोलले असते तर एवढं लागलं नसतं तिला,” एवढंच म्हणत.

पुढे माझी बदली हैदराबादला झाली. बाई त्यानंतर काही काळ चांगल्या होत्या. रविवारचे वर्ग पुन्हा भरू लागले, समीर लेखी परीक्षा पास झाल्याचा फोन त्यांनीच मला केला. मग आजार परत आला, या वेळी हाडांत, आणि गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. मला पोचता आलं नाही. केमो थांबली होती त्या आठवड्यांनी काही फरक पडला का, हे मी पुढे एका ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, “याचं उत्तर कुणाकडेच नाही. तुम्हीही शोधत बसू नका.” मृणालनंही आईच्या डॉक्टरांना हेच विचारलं असणार. आम्ही एकमेकींशी त्यावर कधी बोललो नाही.

मला त्या शेवटच्या दिसल्या, ते मी दिल्ली सोडायच्या आठवड्यात. उपचारांनंतरचं पहिलं स्कॅन होतं. मृणालला ताप होता, आणि माझ्या घरी सामान बांधणारी माणसं आलेली. बाई म्हणाल्या, मी एकटी जाते. मी त्यांना टॅक्सीत बसवायला खाली गेले. त्या मागच्या सीटवर बसल्या, मांडीवर फाइल, चेहऱ्यावर मास्क. डोळ्यांत भीती होती. ती लपवायचा प्रयत्न त्यांनी केला नाही.

ड्रायव्हर गाडी सुरू करणार, एवढ्यात पलीकडचं दार उघडलं. सूदभाभी आत शिरल्या. मेंदी लावलेल्या केसांचा अंबाडा, अंगावर घरातलाच स्वेटर, हातात काही नव्हतं. बाईंकडे न बघता त्या ड्रायव्हरला म्हणाल्या, “चलो भैया.”

गेटचा दांडा वर व्हायला वेळ लागत होता. मागच्या काचेतून मला दोघींच्या पाठी दिसत होत्या, मध्ये हातभर अंतर, दोघी सरळ समोर बघत असलेल्या. मग बाईंच्या खांद्यावरून शाल घसरली. सूदभाभींनी हात लांब करून ती वर ओढली, आणि हात तिथंच राहू दिला. दांडा उचलला गेला. गाडी डावीकडे वळून रस्त्याच्या गर्दीत मिसळली.